टेप फलकाला लागते, खांबाला का लागत नाही?

मागच्या पावसाळ्याआधीची गोष्ट. आमच्या कॅम्पातल्या दुकानापुढं दोघेजण येऊन थांबले. एकाच्या हातात टेप. बोर्डाची रुंदी घेतली, उंची घेतली, कन्नड अक्षरांनी किती जागा धरलीय ते मोजलं आणि कागदावर आकडा टाकून म्हणाला, “सिक्स्टी पर्सेंट इल्ल.” कुठल्या कार्यालयाचे होते ते इथं लिहीत नाही. त्यांनाही वरून सांगून धाडलेलं. चहा घेऊन गेले बिचारे.

तो बोर्ड वडिलांनी पेंटरकडून पत्र्यावर रंगवून घेतला होता. वर मराठी, मध्ये इंग्रजी, खाली कन्नड. भाषा गिऱ्हाईक बघून ठरवलेल्या. मराठा लाईट इन्फंट्रीच्या सेंटरमधली पोरं मराठी वाचायची, बदलून आलेला साहेब इंग्रजी वाचायचा, आणि बैलहोंगल-गोकाककडून बाजाराला आलेला माणूस कन्नड. तिघंही पायरी चढून आत यायचे. पन्नास वर्षांत त्या बोर्डावरून कुणाचं भांडण झाल्याचं मला आठवत नाही.

असो. तो उतरवला, फ्लेक्सचा नवा लावला. कन्नड वर आणि मोठं.

आता मुद्द्याचं सांगतो. टेप गुंडाळताना तो माणूस ज्या विजेच्या खांबाला टेकला होता, त्या खांबावर एक कागद चिकटवलेला होता. ‘मर्दानी ताकद’, ‘गुप्तरोग’, ‘सात दिवसांत खात्री’, खाली मोबाईल नंबर, आणि बाजूला अर्ध्या कपड्यातल्या बाईचं चित्र. मजकूर शंभर टक्के कन्नडमध्ये. म्हणजे साठाच्या नियमात उत्तम बसणारा! कन्नडिगांना टोमणा मारायला हे लिहीत नाही हां. हाच कागद कोल्हापूरच्या स्टँडवर मी शंभर टक्के मराठीत बघितलाय. पण आमच्याकडं त्या खांबाच्या उंचीवरूनच शाळेच्या पोरी रोज जातात. माझी लेक नववीत आहे. तिथं आली की ती मान खाली घालून पाय उचलते. तिनं कधी काही विचारलं नाही, आणि मलाही विषय काढायला जीभ उचलली नाही.

कायदा नाही म्हणून हे चालतं असं कुणाला वाटत असेल तर ऐका. औषधं आणि जादूटोण्याचे उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा केंद्राचा कायदा १९५४ चा आहे. लैंगिक शक्ती वाढवणाऱ्या औषधाची जाहिरात करायलाच त्यात बंदी आहे. औषध खरं की खोटं हा पुढचा प्रश्न, जाहिरातच गुन्हा. मधुमेह, मुतखडा, उंची वाढवणं, हेसुद्धा त्याच्या यादीत येतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. बाईचं बीभत्स चित्र जाहिरातीत वापरायला १९८६ च्या कायद्यानं बंदी आहे, तिथं पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि भिंती-खांब विद्रूप करण्याविरुद्ध खुद्द कर्नाटकाचा १९८१ चा कायदा आहे. तीन-तीन कायदे. वर गुन्हेगार स्वतःचा फोन नंबर छापून देतो, शोधायचीही तसदी नको!

साठ टक्क्यांचा नियम मात्र कालचा. डिसेंबर २०२३ मध्ये बेंगळूरात इंग्रजी फलकांची मोडतोड झाली. लगेच जानेवारीत सरकारनं वटहुकूम काढायचं ठरवलं, राज्यपालांनी तो विधिमंडळात आणा म्हणून परत पाठवला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये विधेयक मंजूरही झालं. सरकारला मनावर घ्यायचं असलं की दोन महिन्यांत कायदा होतो आणि टेप कॅम्पापर्यंत पोचते. सत्तर वर्षांच्या कायद्यासाठी खांबापर्यंत चार पावलं कुणी चालत नाही.

कॅम्पात आणखी एक गुंता आहे. हा भाग छावणी परिषदेचा, २००६ च्या केंद्रीय कायद्याखालचा. हद्द ओलांडली की महापालिका. आमच्या बोर्डाचं मोजमाप करताना हद्द कुणाला आडवी आली नाही. खांबावरचा कागद काढा म्हटल्यावर मात्र सगळ्यांना हद्द आठवली. एका कार्यालयानं दुसऱ्याकडं धाडलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडं.

आता आपल्याच लोकांनाही थोडं बोलतो, राग मानू नका. महाराष्ट्रात २०२२ मध्ये दुकानांवर मराठी पाटी सक्तीची झाली, अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको असा नियम झाला. मुंबईचे व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथं सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांना दोन महिन्यांत पाट्या बदला असं सांगितलं गेलं. तेव्हा आपण इथं स्टेटस ठेवून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग राज्याची भाषा फलकावर असावी याला इथं कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? मी म्हणतही नाही. माझं म्हणणं उरलेल्या जागेबद्दल आहे. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दू होतं, ते काढा म्हणून दावा गेला. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, मराठी आहेच, सोबत उर्दू लिहायला कायद्याची मनाई नाही. पातूरमधल्या उर्दूला जे मिळालं तेच बेळगाव-निपाणीतल्या मराठीला मिळावं. चाळीस टक्क्यांत मराठी लिहिली म्हणून काळं फासायला कुणी येऊ नये, आणि आलं तर पोलिसांनी बघत उभं राहू नये.

दुसरी गोष्ट नोटिशीची. आम्हाला आलेला कागद निव्वळ कन्नडमध्ये होता. आईनं तो देवाजवळ ठेवला होता, मी वाचून घेईपर्यंत मुदतीतले चार दिवस संपले होते. भाषिक अल्पसंख्याक पंधरा ते वीस टक्के असतील तिथं महत्त्वाचे नियम आणि नोटिसा त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्रानं १९५६ च्या निवेदनातच सांगून ठेवलंय. इथली मराठी वस्ती त्या आकड्याच्या कितीतरी वर आहे. टक्केवारी मोजायचीच तर ही पण मोजा की.

गेल्या आठवड्यात खांबाचे फोटो काढले. एकट्या आमच्या गल्लीच्या तोंडापासून फिश मार्केटपर्यंत एकोणीस कागद भरले. फोटो, जागा, त्यावरचे नंबर, आणि १९५४ व १९८६ च्या कायद्यांची नावं घालून मराठीत अर्ज केला, खाली कन्नड भाषांतर जोडलं. ते भाषांतर शेजारच्या झेरॉक्सवाल्या कन्नड पोरानं करून दिलं, पैसे घेतले नाहीत. त्यालाही दोन बहिणी आहेत. अर्जाच्या तीन प्रती तीन ठिकाणी दिल्या, पोच घेतली. नमुना पाहिजे असेल त्यांनी पेजला मेसेज करावा, आपापल्या गल्लीतले खांब मोजून आकडा घालावा आणि पोच घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नये.