खोंड अडखळणे वेगळे, बैल थकणे वेगळे



नवे खोंड पहिल्या नांगरटीला अडखळले, म्हणून त्याला कोणी बाजार दाखवत नाही. चार दिवसांत ते तासाला लागते. पण वय झालेला बैल जुवाखाली बसला, तर जाणत्याने काय ते ओळखावे. अमेरिकेच्या जो लुई या मुष्टियोद्ध्याच्या वाट्याला हे दोन्ही आले.

१९३६ साली लुई २२ वर्षांचा होता. धंदेवाईक मुष्टियुद्धात तोवर तो एकदाही हरला नव्हता. समोर होता जर्मनीचा माक्स श्मेलिंग, वय ३०. त्याचे दिवस सरले, असे लोक म्हणत. पण त्याने लुईची एक खोड हेरली होती. डाव्या हाताचा ठोसा मारला की लुईचा तो हात खाली यायचा. तेवढ्या फटीतून श्मेलिंगने ठोसे घातले आणि बाराव्या फेरीत लुईला आडवे केले. लुईने ती खोड मोडली. १९३७ साली तो जगज्जेता झाला आणि १९३८ साली त्याने श्मेलिंगला पहिल्याच फेरीत लोळवले.

पुढे १९४९ साली अजिंक्य असतानाच त्याने खेळ सोडला. तिथेच थांबता तर बरे होते. पण डोक्यावर सरकारी कराचे देणे होते. महायुद्धात दोन लढतींची कमाई त्याने सैन्याच्या मदतनिधीला दिली होती. तीही मिळकत धरून कर मागितला गेला, वर व्याज चढत गेले. देण्यापायी तो परत उतरला. १९५० साली एझर्ड चार्ल्सने त्याला हरवले, तरी तो थांबला नाही. १९५१ साली, वयाच्या ३७व्या वर्षी, २८ वर्षांच्या रॉकी मार्सियानोने त्याला दोरांबाहेर फेकले. या वेळी मोडायला कसली खोड नव्हती. पाय मंदावले होते.

कोणी म्हणेल, जॉर्ज फोरमन नाही का ४५व्या वर्षी जगज्जेता झाला? झाला, १९९४ साली. वय झाले की पाय आणि नजर आधी जाते, ठोशातले बळ मागे राहते. त्या एका बळावर त्याने दहाव्या फेरीत मायकेल मूररला पाडले. पण असा एखादाच. महंमद अली ३८व्या वर्षी, १९८० साली, लॅरी होम्सपुढे उभा राहिला, तेव्हा दहाव्या फेरीनंतर त्याच्याच माणसांना लढत थांबवावी लागली.

म्हणून मंडळी, घरातले तरणे पोर कुस्तीत, परीक्षेत किंवा पहिल्या पिकात हरले, तर त्याला बोल लावू नका. चूक कुठे झाली ते त्याच्याजवळ बसून बघा. आणि घरातला म्हातारा कर्जापायी अजून नांगर धरत असेल, तर त्याच्या हिमतीचे नुसते कौतुक करू नका. त्या कर्जाला खांदा द्या.