कारखान्यांची जागा कोणाची?

आपल्या विद्यानगरालगतचे आझमाबाद हे निजामी राजवटीत वसविलेले औद्योगिक क्षेत्र होय. 1930 साली नोंदविलेल्या वजीर सुलतान तंबाखू कंपनीचा कारखाना येथलाच. त्याच्या आद्याक्षरांवरून चौकास 'व्ही.एस.टी.' हे नाव पडले, आणि 2023 मध्ये इंदिरा पार्कपासून त्या चौकापर्यंत पोलादी उड्डाणपूलही झाला. तिकडे हुसेनसागराच्या बांधाखालची दिवाण बहादूर रामगोपाल यांची कापडगिरणी केव्हाच बंद पडली आहे. अशा जागांवर पुढेमागे उंच इमारती उभ्या राहणार, हे सांगावयास ज्योतिषी नको.

इमारतींना आमचा विरोध नाही. मात्र भूमीची वाटणी तिचा भाव चढण्यापूर्वीच पक्की व्हावयास हवी. मुंबईच्या गिरणगावाचे उदाहरण मराठी माणसाने विसरू नये. 1982 च्या संपानंतर गिरण्या ओस पडल्या. 1991 च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरविले: एक मोकळ्या मैदानांस, एक सार्वजनिक घरबांधणीस, एक मालकास. 2001 मध्ये नियम बदलला; बांधकामाखालची जमीन वगळून केवळ मोकळ्या जमिनीचीच वाटणी करावयाची, असे ठरले. बहुतेक जमीन तर बांधकामाखालीच होती! 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल ग्राह्य धरला, आणि मैदानांच्या व कामगारांच्या वाट्यास फारच थोडे उरले.

आझमाबादच्या भाडेपट्ट्यांसाठी 1992 चा स्वतंत्र कायदा आहे. 2022 मध्ये त्यात दुरुस्तीही झाली. म्हणजे येथे शासनाचा शब्द अजून चालतो. तो पहिल्याने पाण्यासाठी खर्च व्हावा. हुसेनसागराचे जादा पाणी मूसीकडे नेणारा नाला याच परिसरातील वस्त्यांमधून जातो. ऑगस्ट 2000 च्या पुरात या वस्त्यांत पाणी शिरले, ते वडीलधाऱ्यांना स्मरत असेल. नदीच्या सुधारणेसाठी 2024 मध्ये मूसीच्या पात्रातील गरिबांची घरे पाडण्यात आली. पाण्याला वाट हवी, हे खरेच. परंतु झोपडीवाल्याने घर सोडावयाचे आणि भूखंडवाल्याने हातभर जागाही सोडावयाची नाही, हा न्याय कोणता?

यासाठी नव्या बांधकामास परवानगी देण्यापूर्वी नाल्याची रुंदी राखावी, मुलांसाठी एक खरेखुरे मैदान सोडावे, आणि रोजंदारीवर जगणाऱ्यांस परवडतील अशी घरे तेथेच, त्याच कुंपणाच्या आत, बांधावीत.