हौदाची गोष्ट हौदापाशीच सांगा

चौक सुशोभित केला की लोकांना तो आपला वाटतो, असं हल्ली ठासून सांगितलं जातं. मग रंगीत दिवे लागतात, कारंजं उडतं आणि शहराच्या नावाआधी लाल बदाम काढलेली माणूसभर उंचीची इंग्रजी अक्षरं उभी राहतात. लोक थांबतात, सेल्फी काढतात, हे खरंच. पण तीच अक्षरं उद्या दुसऱ्या शहरात नेली, तर फक्त नाव बदलावं लागेल. अशा जागेशी नातं जुळणार कसं?

पुण्याचंच बघा. अठराव्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजचं पाणी जमिनीखालच्या नळातून, केवळ उताराच्या जोरावर, पेठांतल्या हौदांत आलं. काळा हौद, बदामी हौद, पंचहौद ही नावं अजून लोकांच्या तोंडी आहेत. त्यांच्या गोष्टी मात्र चौकातून पुसल्या गेल्या. त्या तिथेच, फलकावर, पुन्हा सांगायला हव्यात.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की गोष्टी सांगा, पण जुने वाद उकरू नका. हा आक्षेप मला मुळीच मान्य नाही. शहरातल्या पाणवठ्यांवर अस्पृश्यांना पाणी भरता येत नव्हतं, म्हणून 1868 साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद त्यांना खुला केला. 1890 साली पंचहौदाच्या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे-टिळकांवर ग्रामण्य, म्हणजे जातीच्या बहिष्काराचं प्रकरण, आलं. हे सगळं गाळलं, तर उरते ती निव्वळ बांधकामाची माहिती. ज्यांच्या पणजोबांना पाणवठ्यावरून हाकललं, त्यांचा त्या माहितीत मागमूसही नसतो. मग ती जागा त्यांना आपली का वाटावी?

वादाने माणसं दुरावतात म्हणणाऱ्यांनी महाडला जावं. नगरपालिकेने तिथलं चवदार तळं अस्पृश्यांसाठी 1924 मध्येच खुलं केलं होतं, पण कागदावर. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं तिथलं पाणी प्यायली. पुढे दंगल झाली, तळ्याचं शुद्धीकरण झालं, कोर्टकज्जा 1937 पर्यंत चालला. तरी आजही दर 20 मार्चला तिथे माणसं लोटतात. कुठल्या कारंज्याची ही ताकद आहे?

राहता राहिला प्रश्न, फलक वाचतो कोण? डोक्याच्या वर टांगलेला, मुंगीएवढ्या अक्षरांचा फलक कुणीच वाचत नाही, हे कबूल. म्हणूनच सावली हवी, बसायला कट्टा हवा आणि बसल्या जागेवरून वाचता येईल असं ठसठशीत मराठी हवं. मजकूर ठेकेदाराने लिहायचा नाही. पेठेतल्या जुन्या बिऱ्हाडांना, वस्तीतल्या आज्यांना विचारून तो तयार व्हावा आणि वर्षातून एखाद्या संध्याकाळी त्यांनीच तिथे बसून तो सांगावा.

पुणे महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवायला सांगते. तुमच्या प्रभागाच्या अर्जात या वर्षी पेव्हर ब्लॉक लिहू नका. हौदाचं नाव लिहा, आणि त्याची गोष्ट पुरती मागा.