पत्ता मालकाचा, शिक्षा मुलाला

शिक्षणहक्क (आरटीई) कायद्यातील 25 टक्के राखीव जागांसाठी ऑनलाइन अर्ज भरताना पालकांसमोर गुगलचा नकाशा उघडतो. नकाशावर एक लाल फुगा असतो. तो सरकवत आपल्या घरावर नेऊन ठेवायचा, म्हणजे एक किलोमीटर आणि तीन किलोमीटरच्या आतल्या शाळा दिसू लागतात. त्यातल्या जास्तीत जास्त दहा निवडायच्या. घराची जागा चुकली तर ती बदलण्याची संधीही मोजकीच मिळते, म्हणून सायबर कॅफेतला मुलगा आणि बाप दोघेही पडद्याकडे डोळे लावून बसतात. कुरुळी, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी या चाकण परिसरातल्या गावांत किंवा इकडे मोशी, चिखली, तळवड्यात भाड्याने राहणाऱ्या कामगारालाही हा फुगा आपल्या खोलीवर नेमका ठेवता येतो. नकाशाला ती खोली दिसते. पुढे सोडतीत मुलाचे नाव लागते, पडताळणी समितीपुढे कागद ठेवायची वेळ येते आणि तिथे मात्र ती खोली कोणालाच दिसत नाही. भाडेकरूने नोंदणीकृत भाडेकरार आणावा, तो अर्ज भरण्याच्या तारखेआधीचा असावा आणि किमान अकरा महिन्यांचा असावा, असा नियम आहे. साध्या स्टॅम्पपेपरवरचा, नोटरी केलेला करार चालत नाही. शाळा मिळते, पण कागदाअभावी प्रवेश हातचा जातो.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात दरवर्षी हे घडते. ही कारकुनी बाब आहे, असे समजून सोडून देण्याजोगे यात काही नाही. राहत्या जागेचा पुरावा ही या पट्ट्यातल्या कष्टकऱ्याच्या मुलासाठी शाळेच्या फाटकावरची पहिली आणि सर्वांत उंच पायरी झाली आहे, आणि ती कायद्याने बांधलेली नाही. कायदा तर नेमके उलटे सांगतो.

हा पुरावा मिळत का नाही, हे आधी नीट पाहायला हवे. चाकण, म्हाळुंगे, खराबवाडी भागातल्या चाळी बांधल्या त्या बहुतांशी इथल्याच शेतकऱ्यांनी. एमआयडीसीत जमिनी गेल्या, उरलेल्या गुंठ्यांवर ओळीने दहा बाय दहाच्या खोल्या उभ्या राहिल्या आणि भाडे हेच घरचे उत्पन्न झाले. बांधकामाला परवानगी असतेच असे नाही. लाइटबिल मालकाच्या नावावर, खोल्यांना सबमीटर. भाडे रोख. बीड, लातूर, नांदेड, बुलडाण्याहून आलेला किंवा बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेला कामगार ठेकेदाराच्या ओळखीने खोली घेतो, डिपॉझिट देतो, आणि काम बदलले की वर्ष-दीड वर्षात दुसऱ्या चाळीत जातो. त्याच्या आधारकार्डावर पत्ता गावचा, रेशनकार्ड गावचे, मतदारयादीत नाव गावाला. इथे राबणारा, इथे कर भरून वस्तू विकत घेणारा हा माणूस कागदावर चारशे किंवा दीड हजार किलोमीटर दूर राहतो.

मालकाला नोंदणीकृत करार करून मागितला की तो कचरतो. नोंदणी म्हणजे अनधिकृत बांधकाम उजेडात येईल, कर लागेल, भाडेकरू पुढे हक्क सांगेल, ही भीती त्याच्या मनात असते. अंगठा लावायला, मोबाइलवरचा ओटीपी सांगायला तो तयार होत नाही. चार वेळा विनवल्यावर ‘खोली रिकामी कर’ असे ऐकायला मिळते, आणि जूनच्या तोंडावर खोली सोडणे कोणाला परवडत नाही. वास्तविक महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार भाडेकरार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी मालकावर आहे. ती टाळणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद त्याच कलमात आहे. म्हणजे कर्तव्यात कसूर करतो मालक आणि शाळा बुडते भाडेकरूच्या सहा वर्षांच्या लेकराची. एकाच्या चुकीची शिक्षा दुसऱ्याला, तीही ज्याला ‘करार’ हा शब्द नीट वाचता येत नाही त्याला, देणारी ही रीत कोणत्या न्यायात बसते, याचे उत्तर शिक्षण विभागाने द्यायला हवे.

मालकांच्या अडचणी सरकारला कळत नाहीत असे म्हणण्यालाही जागा नाही. पिंपरी-चिंचवडमधल्या अनधिकृत बांधकामांवरचा शास्तीकर हा इथल्या प्रत्येक निवडणुकीतला मुद्दा होता आणि 2023 मध्ये राज्य सरकारने तो माफ केला. हजारो घरमालकांना दिलासा मिळाला, आणि तो मिळायला हवाही होता. बांधकाम अनधिकृत असूनही त्यात राहणाऱ्या मालकाच्या वेदनेची दखल घेणारे हेच सरकार, त्याच घरातल्या मागच्या खोलीत राहणाऱ्या भाडेकरूच्या मुलाला मात्र ‘तू इथे राहतोस कशावरून’ असे विचारते.

एक जुना संदर्भ इथे आठवावासा वाटतो. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागोमाग टेल्को, बजाज आली, तेव्हा कामगारांच्या वसाहती, शाळा, बस यांचा विचार कारखान्याबरोबरच झाला होता. 1972 मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाचा मूळ हेतूच कामगारांना परवडणारी घरे देणे हा होता. प्राधिकरणाने दिलेल्या भूखंडांवर आणि घरांत किती खरे कामगार राहिले, यावर वाद घालता येईल. तरी एका पिढीला त्यातून स्वतःच्या नावाचा पत्ता मिळाला आणि त्या पत्त्यावर तिची मुले शिकली. चाकणला बजाजचा कारखाना 1999 मध्ये आला, मग फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र आले, वाहनउद्योगाच्या नकाशावर चाकणचे नाव ठळक झाले. पण इथे कोणतेही प्राधिकरण कामगारांसाठी घरे बांधायला आले नाही. नोकऱ्याही कायम राहिल्या नाहीत, कंत्राटी झाल्या. पिंपरीच्या कामगाराला जे कारखान्याबरोबर मिळाले ते चाकणच्या कामगाराने स्वतः शोधावे, असे जणू ठरून गेले. प्राधिकरण 2021 मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात (पीएमआरडीए) विलीन झाले. ज्या संस्थेच्या हद्दीत आज हा सगळा पट्टा येतो, तिने रस्ते आणि विकास आराखडा यांच्यापलीकडे या खोल्यांतल्या मुलांकडे पाहिल्याचे दिसत नाही.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, 2009 काय म्हणतो? कलम 9 मध्ये स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे महापालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद यांची कर्तव्ये मोजून सांगितली आहेत. आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकाची नोंद ठेवणे हे त्यातले एक कर्तव्य. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांच्या प्रवेशाची खात्री करणे हे दुसरे. ही दोन वाक्ये एकत्र वाचली की सारा प्रश्न सुटतो. मूल आपल्या हद्दीत राहते की नाही हे शोधून नोंदवायचे काम महापालिकेचे आणि जिल्हा परिषदेचे आहे. ते काम केले असते तर राहण्याचा पुरावा त्यांच्याच दप्तरात तयार असता. तो बापाकडे मागण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आज आपण कायद्याने यंत्रणेवर ठेवलेले ओझे उचलून पालकाच्या डोक्यावर ठेवले आहे आणि वर त्याला अपात्र ठरवत आहोत.

25 टक्क्यांच्या प्रवेशाखेरीज महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांचेही असेच. तिथे तर पत्त्याचा प्रश्न मुळी येऊच नये. कलम 5 नुसार एका शाळेतून दुसऱ्या शाळेत, राज्यातल्या किंवा परराज्यातल्या, बदली मागण्याचा मुलाला हक्क आहे. दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दाखला अडवणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, असे कायदाच म्हणतो. कलम 14 म्हणते, वयाचा पुरावा नाही म्हणून कोणालाही परत पाठवू नका. सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 च्या आधार निकालात सांगितले की सहा ते चौदा वयाच्या मुलांच्या शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही. तरी गेल्या काही वर्षांत शिक्षकांची संचमान्यता, म्हणजे मंजूर पदांची संख्या, आधार वैध असलेल्या विद्यार्थ्यांवर मोजली जाऊ लागली. आधार नसलेले किंवा नाव-जन्मतारखेत फरक असलेले मूल शाळेत बसले तरी मोजणीत येत नाही, मग मुख्याध्यापक ‘आधी आधार करून आणा’ म्हणतात. त्यांचा दोष किती धरायचा? त्यांच्या शाळेतला एक शिक्षक कमी होणार असतो. आधार दुरुस्तीला पुन्हा पत्त्याचा कागद हवा, आणि पत्त्याचा कागद मालकाकडे. बाप एक पाळी बुडवतो, ठेकेदार त्या दिवसाचा पगार कापतो, आणि पोर आईबरोबर खोलीवरच राहते.

उत्पन्नाची अटही याच जातीची. दुर्बल घटकाखाली येणाऱ्या कुटुंबासाठी वार्षिक एक लाख रुपयांची मर्यादा आहे, म्हणजे महिन्याला साधारण 8,333 रुपये. चाकणमधला कंत्राटी कामगार यापेक्षा अधिक कमावतो, आणि त्यातला मोठा वाटा खोलीभाड्यात जातो. वंचित घटकाला उत्पन्नाची मर्यादा नाही, पण परराज्यातले जातीचे प्रमाणपत्र इथे ग्राह्य धरत नाहीत. झारखंडचा आदिवासी कामगार चाकणला आला की त्याचे मूल त्या रकान्यातून बाहेर पडते. एक दार उत्पन्न बंद करते, दुसरे जातीचा दाखला, आणि तिसरे पत्ता.

यावर प्रश्न येईल तो बनावट कागदांचा. तो खोटा नाही. 2024 मध्ये नागपुरात बनावट कागदपत्रे देऊन आरटीई प्रवेश मिळवल्याच्या आरोपावरून पालकांवर गुन्हे दाखल झाले. ज्यांची ऐपत आहे त्यांनी गरिबाची जागा घेणे हे सरळ पाप आहे आणि त्याला माफी नको. पण नोंदणीकृत करार हा अशा लबाडीवर उपाय आहे काय? पैसेवाला ओळखीच्या माणसाच्या फ्लॅटचा नोंदणीकृत करार सहज करून आणतो. स्टॅम्प खरा, अंगठा खरा, फक्त राहणे खोटे. ज्याचे राहणे खरे आहे त्याच्याकडेच तो कागद नसतो. कागद मागून लबाड पकडला जात नाही, खरा बाहेर फेकला जातो. खोलीवर जाऊन पाहणारा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका दोघांनाही बरोबर ओळखेल.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अ‍ॅक्रन शहराच्या केली विल्यम्स-बोलार या आईने आपल्या मुलींना शेजारच्या चांगल्या शाळेत घालण्यासाठी त्यांच्या आजोबांचा पत्ता दिला. 2011 मध्ये तिला दोषी ठरवून तुरुंगात पाठवले, नऊ दिवस ती आत होती. देशभर संताप झाल्यावर राज्यपालांनी तिचा गुन्हा सौम्य केला. त्याच देशात 1987 पासून बेघर कुटुंबांच्या मुलांसाठी कायदा आहे: पत्त्याचा कागद नसला तरी मुलाला लगेच वर्गात बसवा, कागद मागाहून पाहा. पहिली वाट नागपूरने पाहिली. दुसरी वाट आपल्या कायद्यातही आहे. फक्त तिच्यावरून कोणी चालत नाही.

पालक इतके धडपडतात तरी कशासाठी, असे विचारणारे आहेत. घराजवळची शाळा चांगली असली की धडपड थांबते, हे खेड तालुक्यातच दिसले आहे. जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा बंद पडण्याच्या बेतात होती, पटावर बोटांवर मोजण्याइतकी मुले. दत्तात्रय वारे गुरुजी तिथे आले, गाव त्यांच्यामागे उभे राहिले आणि 2025 मध्ये जगभरच्या शाळांमधून या शाळेला ‘कम्युनिटी चॉइस’ पुरस्कार मिळाला. चाकणच्या कारखान्यांपासून ही शाळा फार दूर नाही. खराबवाडी-म्हाळुंग्याच्या चाळींच्या मधोमध अशी शाळा, हिंदी बोलणाऱ्या मुलाला मराठी शिकवणारा शिक्षक आणि पुरेशा वर्गखोल्या असत्या, तर सोडतीच्या जागेसाठी रांग लागली नसती. ते काम मोठे आणि वेळखाऊ आहे. तोवर मुले थांबत नाहीत. सहा वर्षांचे मूल पुढच्या जूनला सात वर्षांचे होते.

अनेक खासगी शाळांना 25 टक्के राखीव जागांच्या जबाबदारीतून सोडवण्याचा राज्य सरकारचा 9 फेब्रुवारी 2024 चा नियमबदल मुंबई उच्च न्यायालयाने 19 जुलै 2024 रोजी रद्द केला. दार उघडे ठेवायचे, हे न्यायालयाने ठरवून दिले. ते दार कागदाने बंद होऊ नये, एवढे काम शिक्षण विभागाच्या हाती आहे. प्राथमिक शिक्षण संचालनालय दरवर्षी आरटीई प्रवेशाच्या मार्गदर्शक सूचना काढते. त्यातल्या पुराव्यांच्या यादीत एक ओळ वाढवावी: महापालिका किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेने घरभेट देऊन केलेली निवास नोंद भाडेकरूच्या मुलासाठी ग्राह्य धरली जाईल. ही नोंद कलम 9 नुसार त्यांना ठेवायचीच आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेने आणि पुणे जिल्हा परिषदेने डिसेंबर-जानेवारीत, अर्ज सुरू होण्याआधी, चाळ ते चाळ फिरून ही यादी करावी. अंगणवाड्यांकडे लसीकरण आणि पोषण आहाराची नावे आहेत, तिथून सुरुवात करता येईल. सोबत ग्रामपंचायतींत आणि प्रभाग कार्यालयांत भाडेकरार नोंदणीची शिबिरे लावून, बांधकामाच्या वैधतेशी या नोंदीचा संबंध जोडला जाणार नाही, असे मालकांना लेखी सांगावे. एवढे करूनही अडवणाऱ्या मालकांना कलम 55 ची पहिली नोटीस याच पट्ट्यात निघावी.