मुचलक्यापासून गोठविलेल्या खात्यापर्यंत

२३ जुलै १९१६ रोजी लोकमान्य टिळकांना साठ वर्षे पूर्ण झाली, आणि मंडालेचा सहा वर्षांचा कारावास भोगून परतलेल्या आपल्या पुढाऱ्याला लोकांनी त्या निमित्ताने पुण्यास एक लक्ष रुपयांची थैली अर्पण केली. त्याच वाढदिवशी सरकारनेही त्यांच्या हाती एक कागद ठेवला. बेळगाव आणि अहमदनगर येथे स्वराज्याविषयी केलेल्या भाषणांबद्दल, एक वर्षभर चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून, वीस हजारांचा जातमुचलका आणि प्रत्येकी दहा हजारांचे दोन जामीन आपल्याकडून का घेऊ नयेत, याची कारणे दाखवावीत, अशी ती नोटीस होती. थैली टिळकांनी राष्ट्रकार्यास देऊन टाकली. मॅजिस्ट्रेटने मुचलक्याचा हुकूम केला, तो ९ नोव्हेंबर रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयाने रद्द केला, आणि त्या कामी टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे होते. एवढा इतिहास सर्वांच्या परिचयाचा आहे. मला त्यातील एकाच गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे : ज्या सरकारने या पुरुषाला १८९७ आणि १९०८ असे दोनदा तुरुंगात पाठविले, तेच सरकार तिसऱ्या खेपेस त्याच्या देहाऐवजी त्याच्या पैशाकडे का वळले?

याचे उत्तर १९०८ च्या अनुभवात आहे. राजद्रोहाचा खटला चालवावयाचा तर आरोपपत्र लागते, ज्यूरी बसवावी लागते, आणि आरोपीला सर्व जगासमक्ष बोलू द्यावे लागते. शिवाय शिक्षा ठोठावल्यावर मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस काम बंद ठेवतात. याउलट एखाद्याकडे रक्कम मागितली तर कोठे गलबला होत नाही. रक्कम भरली तर तो माणूस त्या दिवसापासून प्रत्येक वाक्य लिहिताना आपली अनामत डोळ्यांपुढे ठेवतो, आणि न भरली तर त्याने आपण होऊन धंदा बंद केला, असे सरकारला म्हणता येते. दडपशाहीचा हा मार्ग बेड्यांच्या मार्गाहून सौम्य आहे, असे मानण्याची आपल्याकडे प्रथा पडली आहे. माझ्या मते तो अधिक घातक आहे.

लॉर्ड लिटन यांनी १८७८ साली देशी भाषांतील वृत्तपत्रांपुरता जामीनकीचा कायदा केला, आणि इंग्रजी पत्रांना त्यातून मोकळे ठेवले. तो कायदा लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत उठला. पण १९१० च्या प्रेस अ‍ॅक्टाने ते हत्यार पुन्हा, आणि अधिक पाजळून, बाहेर काढले. नव्या छापखान्याच्या मालकाने पाचशे ते दोन हजार रुपये अनामत ठेवावी. ती जप्त झाल्यावर छापखाना पुन्हा चालवावयाचा असेल तर एक हजार ते दहा हजार भरावे. आणि तीही जप्त करण्याचा प्रसंग आला तर यंत्रासुद्धा छापखाना सरकारजमा व्हावा, अशी त्याची रचना होती. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, जामीन वृत्तपत्राच्या प्रकाशकाइतकाच छापखानदाराकडूनही मागता येत असे. छापखानदाराला राजकारणाशी कर्तव्य नसते. त्याला लग्नपत्रिका, पंचांगे आणि हुंड्यापावत्या छापून कामगारांचा पगार भागवावयाचा असतो. अशा मनुष्याच्या डोक्यावर जप्तीची तलवार टांगली म्हणजे मजकूर तपासण्यास पोलिसाची गरज उरत नाही. जो मजकूर सरकारने कदाचित चालवून घेतला असता, तोही हा भयभीत गृहस्थ हात जोडून परत करतो. परक्या माणसाला, त्याच्या पोटाला चिमटा बसेल या भीतीने, आपला बिनपगारी शिपाई करून घेणे, हे आर्थिक दडपशाहीचे मर्म आहे.

न्यायासनाची अवस्था काय होते, तेही याच कायद्याने दाखविले. मौलाना महंमद अली यांच्या एका पत्रकाची जप्ती १९१३ साली कलकत्त्याच्या उच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा पूर्वी मुंबईस मुख्य न्यायाधीश असलेले सर लॉरेन्स जेंकिन्स तेथे मुख्य न्यायाधीश होते. कायद्याचे जाळे इतके विस्तृत विणलेले आहे आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर अशा रीतीने टाकलेला आहे की न्यायालयाच्या हाती जवळजवळ काहीच उरत नाही, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. जप्ती कायम राहिली.

हा कायदा १९२२ साली रद्द झाला, १९३१ साली दुसऱ्या नावाने परत आला. याहून क्लेशदायक गोष्ट अशी की स्वराज्यातही ही बुद्धी नष्ट झाली नाही. आणीबाणीत, १९७६ साली, आक्षेपार्ह मजकुराच्या प्रकाशनास प्रतिबंध करणारा जो कायदा संसदेने केला, त्यात छापखान्याकडून आणि प्रकाशकाकडून जामीन मागण्याचे अधिकार शासकीय अधिकाऱ्यास मिळाले, आणि न्यायालयाने त्यात हात घालू नये म्हणून तो घटनेच्या नवव्या परिशिष्टात नेऊन ठेवण्यात आला. ज्यांनी स्वतः परकीय सत्तेचे तुरुंग पाहिले होते, त्यांच्याच पक्षाच्या राजवटीत १९१० चे कलम पुन्हा लिहिले गेले. १९७७ साली जनता सरकारने तो कायदा काढून टाकला, हे लोकांच्या मताचे ऋण आहे.

आता अनामत मागण्याचेही कारण राहिलेले नाही, कारण प्रत्येकाची सारी पुंजी बँकेच्या वहीत अंकरूपाने असते आणि एका आज्ञेने ती स्तब्ध करता येते. हाँगकाँगच्या ‘अ‍ॅपल डेली’ची हकिकत यासाठी मुळातून समजून घ्यावी. त्या पत्राचे संस्थापक जिमी लाई यांची मालमत्ता मे २०२१ मध्ये गोठविण्यात आली, आणि त्यांच्या खात्यांचे व्यवहार करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकेल, अशी समज बँकांना देण्यात आली. १७ जून रोजी सुमारे पाचशे पोलीस कचेरीत शिरले, आणि पत्राशी संबंधित तीन कंपन्यांची एक कोटी ऐंशी लक्ष हाँगकाँग डॉलरांची मालमत्ता गोठविण्यात आली. पत्र बंद करा, असा हुकूम निघाला नाही. त्याची आवश्यकताच नव्हती. पगार देता येईना, कागदाचे बिल चुकविता येईना, आणि २४ जूनचा अंक शेवटचा ठरला. त्याच्या दहा लक्ष प्रती निघाल्या आणि त्या घेण्यासाठी लोक रात्रीपासून रांगा लावून उभे राहिले. जी जागा १९१० साली छापखानदाराची होती, तीच आता बँकेच्या व्यवस्थापकाची झाली आहे.

आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये ‘अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल’च्या भारतीय शाखेची खाती गोठविली गेली आणि तिने येथील काम थांबविले. त्या संस्थेची मते मान्य असोत वा नसोत, तिच्यावरील आरोपांचा न्यायनिवाडा होण्यापूर्वीच तिचे काम संपले, ही वस्तुस्थिती आहे. दहशतवाद्यांचा पैसा आणि लुबाडलेला पैसा सरकारने तत्काळ अडवू नये, असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण बँक खाते ही पोलिसांनी अडकवून ठेवता येण्याजोगी मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र शासनाच्याच एका खटल्यात १९९९ साली ठरविल्यापासून या अधिकाराची व्याप्ती कोठवर गेली आहे ते पाहावे. आज एखाद्या किरकोळ दुकानदाराने मोबाइलवरून शे-दोनशे रुपये घेतले, आणि ते चार हातांपलीकडे कोणाच्या फसवणुकीतून आलेले निघाले, तर दुसऱ्या राज्यातील पोलीस ठाण्याच्या एका पत्राने त्याचे खाते बंद पडते. त्याला कारण कळत नाही, आणि दाद कोठे मागावी हेही कोणी सांगत नाही. काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखाली तर तात्पुरती जप्तीच एकशेऐंशी दिवस टिकू शकते. ज्याच्या घरी महिन्याच्या एक तारखेवर चूल अवलंबून आहे, त्याच्या लेखी सहा महिने हा तात्पुरता काळ नव्हे. आणि जे साधन आज दुकानदारावर निष्काळजीपणाने चालते, ते उद्या टीकाकारावर हेतुपूर्वक चालेल; मग सत्तेवर कोणताही पक्ष असो.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. खाते गोठविल्यापासून सात दिवसांच्या आत, खातेदाराचे म्हणणे ऐकून घेऊन, न्यायाधीशाने कारणे नमूद करून तो हुकूम कायम केला नाही, तर तो आपोआप रद्द व्हावा; आणि कामगारांचे वेतन, औषधोपचार आणि वकिलाची फी यांपुरती रक्कम कोणत्याही हुकुमाने अडवता येऊ नये. आपल्या आमदार-खासदारांना वाचकांनी हे विचारावे, आणि निवडणुकीपूर्वी विचारावे.

टिळकांपाशी लक्ष रुपयांची थैली देणारे लोक होते, खंबीर वकील होते आणि ‘केसरी’ होता. ते त्या मुचलक्यातून सुटले. शिवरामपंत परांजपे यांच्या ‘काळ’ पत्राचे तसे झाले नाही. १९०८ साली एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली तेव्हा ते पत्र टिकले. १९१० साली सरकारने जामीन मागितला, तो भरणे शक्य नव्हते, आणि ‘काळ’ बंद पडला. त्यातील निवडक निबंधांची पुस्तकेही सरकारजमा झाली. ती बंदी पुढे उठली, पण ते पाहण्यास शिवरामपंत राहिले नव्हते. १९२९ साली ते वारले.