घरी बसून

नववीच्या वर्गाला मी ‘माझी आई’ या विषयावर निबंध लिहायला दिला होता. एका मुलाने लिहिले, ‘माझी अम्मी काही काम करत नाही. ती घरी बसून क्रोशाच्या टोप्या विणते.’ व्याकरणाची चूक एकही नव्हती. तरी मी पहिल्या वाक्याखाली लाल रेघ ओढली.

क्रोशाची टोपी कशी होते, ते पाहा. टोकाला आकडा असलेली एकच सुई आणि सुती दोरा. आधी साखळीचे पाच-सहा टाके घालून त्यांचे कडे करायचे. त्या कड्यात १२ खांब, म्हणजे उभे टाके, विणायचे. पुढच्या फेरीत २४, मग ३६, मग ४८. दर फेरीला १२ वाढवले की चकती ताटासारखी सपाट राहते. जास्त वाढवले तर झालर पडते, कमी वाढवले तर वाटी होते. डोक्याचा घेर ५४ सेंटिमीटर असेल, तर चकती सुमारे १७ सेंटिमीटर रुंद झाली की वाढ थांबवायची आणि सरळ खाली विणत जायचे. परीघ आणि व्यासाचे हे गणित तुम्ही शाळेत शिकता. माझी नानी शाळेत गेलीच नव्हती. ती स्वयंपाकघरातली एक ठरावीक ताटली चकतीवर ठेवून बघायची.

नानी म्हणायची, रागात असताना विणायला बसू नये. मी हसत असे. पण रागात दोरा बोटावर आवळला जातो, टाके लहान पडतात आणि टोपी डोक्यात शिरत नाही. तिचे दुसरे सांगणे असे, की फेरी संपली की मोजावे आणि चुकले तर लगेच उसवावे. क्रोशात सुईवर बहुधा एकच टाका उरलेला असतो, म्हणून दोरा ओढला की वीण सहज सुटते. नवशिक्या मुली उसवायला लाजतात. मग तिसऱ्या फेरीतली चूक दहाव्या फेरीत डोके वर काढते. शेवटी दोरा कापताना चार बोटे टोक सोडून ते विणीत ओवावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात टोपी सुटू लागते.

यंत्रावरच्या जाळीदार टोप्या बाजारात मिळतात, पण त्यांची वीण वेगळी. खरे क्रोशे अजून हातानेच होते. आपल्या नाशिक जिल्ह्यात उगम पावणारी गोदावरी आंध्र प्रदेशात समुद्राला मिळते. तिथल्या नरसापूरच्या क्रोशाच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच नरसापूरच्या बायकांवर मारिया मीस यांनी १९८२ मध्ये पुस्तक लिहिले. लेस परदेशी जात होती, पण विणणारीला मजुरी अगदी थोडी मिळे; कारण हे काम म्हणजे घरच्या बाईचा फावल्या वेळेचा उद्योग, असे सगळे धरून चालत. आपल्या मोहल्ल्यात तरी काय वेगळे आहे? रमजानात टोपी घेताना मीही दहा रुपयांसाठी घासाघीस केली आहे.

वही परत देताना मी त्या मुलाला सांगितले, “आज अम्मीजवळ बस आणि शेवटची फेरी मोज.”

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, “टीचर, १४४. मी दोनदा चुकलो. अम्मी न बघताच सांगत होती.”