तीन मिनिटे झपझप, तीन मिनिटे सावकाश



वार्षिक सर्वसाधारण सभा जवळ आली की सूचनांचे कागद येऊ लागतात. ऊसदर, तोडीचा क्रम, बेणे, ठिबक हे विषय नेहमीचेच. यंदा मात्र बऱ्याच सभासदांनी आणखी एक सूचना केली आहे. कारखाना कार्यस्थळावर यंत्रे असलेली आधुनिक व्यायामशाळा बांधावी, असे त्यांचे म्हणणे आहे. हेतू चांगला आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण आमचे मत वेगळे आहे आणि ते इथे उघडपणे मांडतो. कुणाला राग आला तरी हरकत नाही.

मुळात शेतकऱ्याला व्यायाम कशाला, असे विचारणारेही आहेत. "आमचा जन्म रानात गेला, आम्हाला काय चालायला शिकवता?" असं एक वडीलधारे सभासद परवा गट ऑफिसात म्हणाले. त्यांच्या उमेदीच्या काळापुरतं ते खरंच आहे. मोट हाकायची, बैलामागं दिवसभर नांगर धरायचा, बाजाराला पायी जायचं. आज काय आहे? मोटार मोबाईलवरून चालू होते. पाणी नळीनं जातं. नांगरट, सरी, भरणी ट्रॅक्टर करतो. बांधापर्यंत मोटारसायकल जाते आणि तोड टोळी करते. आपल्या वाट्याला देखरेख आणि टपरीवरचा चहा तेवढा उरला आहे. जेवण मात्र मोटेच्या काळातलंच चालू आहे!

त्याचा परिणाम दिसतो आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने झालेली देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. हा शहरी आजार म्हणून सोडून देता येत नाही, कारण ग्रामीण भागातही शंभर प्रौढांमागे जवळजवळ नऊ जणांना तो आढळला. रक्तदाबाचे प्रमाण तर शंभरात पस्तीस. साखर तयार करणाऱ्यांनी साखरेच्या आजारावर लिहावे याचे काहींना हसू येईल. पण आपल्या घरात गोळ्यांचे पाकीट कुणाच्या उशाशी आहे ते ज्याचे त्याला ठाऊक आहे.

तेव्हा काही तरी केले पाहिजे हे नक्की. प्रश्न इतकाच, की पैसा भिंतींवर आणि यंत्रांवर घालायचा की आणखी कशावर? या बाबतीत जपानमधल्या एका शहराने आणि तिथल्या विद्यापीठाने जे केले ते आपल्या उपयोगाचे आहे. जपान म्हटल्यावर लगेच पान उलटू नका. नागानो हा तिथला डोंगराळ प्रांत, भातशेतीचा आणि सफरचंदाच्या बागांचा. त्यातले मात्सुमोतो हे गाव. तिथल्या शिन्शू विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागाने शहराच्या मदतीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रौढ नागरिकांसाठी व्यायामाचा कार्यक्रम सुरू केला. त्याच्या जपानी नावाचा अर्थ साधारण 'प्रौढांचे क्रीडा विद्यापीठ' असा होतो. प्राध्यापक हिरोशी नोसे हे त्यातले प्रमुख.

व्यायामशाळेत यंत्रांवर व्यायाम केला की ताकद वाढते, यात शंका नाही. पण तिथे माणसे किती मावणार आणि शिकवणारे किती लागणार? हजारो लोकांपर्यंत ते पोचवणे परवडण्यासारखे नव्हते. नुसते रमतगमत चालावे, तर तब्येतीत म्हणावा तसा फरक पडत नाही. सलग जोरात चालायला सांगावे, तर वय झालेल्यांना झेपत नाही. मग त्यांनी मधला मार्ग काढला. तीन मिनिटे झपझप चालायचे आणि पुढची तीन मिनिटे सावकाश. असे पाच फेर, म्हणजे अर्धा तास. आठवड्यातून किमान चार दिवस. बस्स.

हे खरोखर लागू पडते का, ते त्यांनी तपासलेही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात २४६ माणसे होती, सरासरी वय ६३. काहींना काहीच सांगितले नाही, काहींना नेहमीच्या मध्यम चालीने चालायला लावले, काहींना हे झपझप-सावकाश. पाच महिन्यांनी बघितले तर झपझप-सावकाश चालणाऱ्यांची गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंची ताकद १३ टक्क्यांनी आणि दुमडणाऱ्या स्नायूंची १७ टक्क्यांनी वाढली होती. दमसास ८ ते ९ टक्क्यांनी सुधारला. वरचा रक्तदाबही मध्यम चालीने चालणाऱ्यांपेक्षा जास्त उतरला. पुढे २०१९ साली ६७९ जणांच्या नोंदींवरून असे दिसले की फायदा झपझप चालण्याच्या मिनिटांवर अवलंबून आहे, सावकाश चालण्याच्या नव्हे. आणि आठवड्याला झपझप चालण्याची ५० मिनिटे झाली की त्यापुढे फारसा जादा फायदा होत नाही. म्हणजे उगाच अंगात आल्यासारखे चालायची जरूर नाही. (व्यायामानंतर दूध घेतल्याचा उपयोगही त्यांनी तपासला आहे. दूध संघवाल्यांनी याची नोंद घ्यावी.)

आता आमच्या मते यातली खरी गोम कुठे आहे ती सांगतो. ती चालण्यात निम्मीच आहे. उरलेली निम्मी मोजण्यात आहे. तिथं प्रत्येकाच्या कमरेला एक लहानसं यंत्र असतं. ते चाल मोजतं आणि तीन मिनिटं झाली की आवाज देतं. दर पंधरा दिवसांनी लोक ते जवळच्या केंद्रावर घेऊन जातात. नोंदी विद्यापीठाकडे जातात, आलेख हातात मिळतो आणि कुणी तरी समोर बसून सांगतो की आजोबा, मागच्या पंधरवड्यात झपझप चालणं कमी पडलं, काय झालं? शिबिर भरवलं, वजन केलं, हारतुरे झाले, फोटो निघाला आणि डॉक्टर परत गेले, असा हा प्रकार नाही. आपल्याकडची बहुतेक शिबिरे अशीच असतात. तुरा येण्याआधी आपण रसाचा ब्रिक्स पुन्हा पुन्हा बघतो, एकदा बघून वर्षभर गप्प बसत नाही. माणसाची तपासणी मात्र शिबिरापुरती!

त्याच नागानोतले दुसरे उदाहरण तर सहकाराचे आहे. साकू इथले रुग्णालय शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांचे. तिथले डॉ. तोशिकाझू वाकात्सुकी गावोगाव जात आणि आरोग्याची नाटके करून दाखवत. १९५९ पासून याचिहो गावात त्यांनी गावकऱ्यांची दरवर्षी तपासणी सुरू केली. १९७६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तोच पुरस्कार १९७९ साली आपल्या जामखेडच्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांना मिळाला, हे आपण विसरता कामा नये. खारवलेल्या भाजीवर राहणारा आणि पक्षाघातासाठी बदनाम असलेला तो प्रांत पुढे आयुर्मानात जपानमध्ये वर आला. २०१० च्या गणनेत तर पुरुष आणि स्त्रिया दोघांतही पहिला होता.

आपल्याला हे अशक्य आहे काय? १९५० साली प्रवरानगरला पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला. त्याच परिसरात लोणीला १९८४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. वैद्यकीय किंवा शारीरिक शिक्षण महाविद्यालय आता बहुतेक जिल्ह्यांत आहे. त्यांच्या विद्यार्थ्यांना शिकायला माणसे हवी आहेत आणि आपल्याला मोजणारे हात हवे आहेत. त्यांनी दर पंधरवड्याला गट ऑफिसवर यावे, रक्तदाब, वजन, कमरेचा घेर आणि ठरलेल्या वेळात किती अंतर चालता आले ते वहीत लिहावे. कमरेचे यंत्र नसले तरी मनगटावर घड्याळ आहे. झपझप म्हणजे किती, तर बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतके. ज्यांना छातीत दुखते, हृदयाचा आजार आहे किंवा गुडघे फार गेले आहेत त्यांनी आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये.

चालायचे कुठे, तर गळीत हंगाम संपल्यावर केन यार्ड चार-पाच महिने मोकळे पडलेले असते. तिथे दिवे आहेत, पहारेकरी आहे. हंगामात डबल ट्रॉल्यांच्या रस्त्यावर पहाटे चालणे म्हणजे जिवाशी खेळ. त्या काळात पाटाच्या कडेचा रस्ता धरावा.

दोन गोष्टी मात्र आम्ही अट म्हणून मांडतो. पहिली, हा कार्यक्रम 'सभासदांसाठी' असा ठेवू नये. सातबारा त्याच्या नावावर, शेअर त्याच्या नावावर, मग चालायलाही तोच. आणि घरची लक्ष्मी गुडघे चोळत चुलीपुढं! मात्सुमोतोच्या त्या २४६ जणांत १८६ बायका होत्या. आपल्याकडे एकटी बाई झपझप चालायला निघाली तर पारावरची मंडळी बघत बसतात, म्हणून बायकांची वेळ आणि गट वेगळे धरावे. सासूबाईंना आधी बोलवावे, सुना आपोआप येतील.

दुसरी गोष्ट ऊसतोड कामगारांची. दिवसभर वाकून कोयता चालवणाऱ्या आणि मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढणाऱ्या माणसाला चालण्याचे फायदे सांगणे ही थट्टा होईल. त्याला विश्रांती पाहिजे, प्यायला स्वच्छ पाणी पाहिजे आणि तोडीवर असताना दवाखाना पाहिजे. बीडकडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न इतका गाजला की २०१९ साली शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. महाविद्यालयाचे डॉक्टर कार्यस्थळावर येणारच असतील तर हंगामात त्यांनी आधी अड्ड्यावरच्या कोप्यांत जावे, मग आपल्याकडे यावे. हे काही सभासदांना रुचणार नाही, पण ऊस त्यांच्याच हाताने गव्हाणीत पडतो.

आमचा प्रस्ताव असा की यंदा दोनच गटांत, चाळिशीपुढच्या स्त्री-पुरुषांसाठी, पाच महिने हा प्रयोग करावा आणि वहीतले आकडे पुढच्या सभेत वाचून दाखवावेत. आकडे बरे आले नाहीत तर तेही वाचावेत. आपले मत गट ऑफिसवर लेखी द्यावे. ज्यांना यंत्रांची व्यायामशाळाच हवी आहे त्यांनीही जरूर लिहावे, आम्ही पुढच्या अंकात छापू. फक्त सोबत एवढे कळवावे की यंत्रांच्या दुरुस्तीचा खर्च कोणत्या खात्यातून काढायचा आणि पहाटे साडेपाचला कुलूप कोण उघडणार. गावोगाव ग्रामपंचायतींनी मांडलेल्या खुल्या व्यायामशाळांच्या दांड्यांवर सध्या कपडे वाळत आहेत, ते येता-जाता बघून घ्यावे.